पारोळ्याच्या पाण्याची पांढरी रेघ

गाडी विकायचं ठरल्याचं मला सोमवारी फोनवर कळलं. धाकट्या भावाने सांगितलं, भुसावळचं एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार आहे, जमलं तर त्याच दिवशी घेऊन जाईल. मग म्हणाला, "तू फक्त आबांना समजाव, ताई. माझं ते ऐकत नाहीत."

मी समजावलं. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा पहिला सहभाग हाच होता.

आबा म्हणजे आमचे वडील. गेल्या उन्हाळ्यात ते शहात्तर वर्षांचे होते. रावेर तालुक्यात आमचं गाव आहे, घरची केळी आणि थोडा कापूस. शेती आता भाऊ बघतो. मी जळगावला एका दैनिकात काम करते. सव्वीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक इतरांच्या बातम्या तपासण्यात गेली.

गाडी अकरा वर्षांची, लहान, पेट्रोलवर चालणारी. आबा ती एकाच कामाला वापरत. दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, ते धुळ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जात. आत्या त्र्याऐंशी वर्षांच्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या दोन खोल्यांच्या बाहेर पडलेल्या नाहीत. आबा पहाटे पाचला निघत. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा करत नऊच्या सुमारास पोचत. मागच्या सीटवर बिबड्यांचा पत्र्याचा डबा असे. ज्वारीचे हे पापड आत्यांना आमच्या गावचेच लागतात, आणि ते हाताच्या धक्क्यानेही मोडतात. एसटीने का जात नाही, असं कोणी विचारलं की आबा डब्याकडे बोट दाखवत. दुपारचं जेवण आत्यांबरोबर करून ते दीडला परत निघत, कारण अंधारात समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांच्या डोळ्यांना सोसत नाहीत.

बिघाड परतीच्या वाटेवर व्हायचा. पारोळ्याला ते चहासाठी थांबत. दहा-पंधरा मिनिटांनी गाडीत बसून चावी फिरवली की सेल्फ फिरे, पण गाडी सुरू होत नसे. अर्धा-पाऊण तास गेला की आपोआप होई. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी घरी येऊन सांगितलं. भावाने दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी सुरू करून पाहिली. पहिल्या सेल्फला सुरू. पुन्हा असं झालं तेव्हा त्याने गाडी तालुक्याच्या गॅरेजमध्ये टाकली. तिथे ती दोन दिवस सावलीत उभी होती. दोन्ही दिवस सकाळी शटर उघडल्यावर सुरू केली, दोन्ही दिवस झाली. गाडीत काही दोष नाही, असा निरोप आला.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत करायची ती सगळी कामं दहाच्या आत उरकतात. केळीची कापणी, बाजार, बँक, दवाखाना, मुलीच्या स्थळाची बोलणीसुद्धा. दहानंतर दारं लोटून घेतात. त्यामुळे गाडी जितक्या वेळा तपासली तितक्या वेळा ती थंड होती. यात काही गफलत आहे हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

उरला एकच निष्कर्ष, की दोष चालवणाऱ्यात आहे. त्याला पुरावाही होता. आबांकडे तीस वर्षांपूर्वी एक जीप होती. ती उन्हात थांबली की इंजिनाच्या बाजूला असलेला पेट्रोलचा पंप तापायचा आणि पेट्रोल पुढे सरकायचं नाही. तेव्हा सगळेच ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकत. आबा तेच या गाडीला करत होते. खांद्यावरचा रुमाल भिजवायचा, बोनेट उघडायचं, इंजिनावर ठेवायचा. भाऊ म्हणायचा, "ज्या गाडीला तिथे पंपच नाही, तिथे हे पट्ट्या ठेवतात. ताप आल्यासारखं. आता तूच सांग."

मलाही ते विसराळूपणाचं लक्षण वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी आबा पारोळ्याला दीड तास अडकले; चहाची टपरी बंद होती, पाणीही मिळालं नाही. फोन ते घरीच विसरले होते, आणि हे दुसऱ्यांदा झालं होतं. भावाने आत्यांच्या शेजाऱ्यांना फोन केला, मला केला, शेवटी मोटरसायकल काढून भुसावळपर्यंत शोधत आला. आबा साडेसातला, अंधारात गाडी चालवत घरी पोचले. दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलेली चावी भावाने काढली आणि कपाटात ठेवली. त्या रात्रीच्या भीतीत खोटं काही नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

तर सोमवारी मी आबांना फोनवर म्हणाले, "आबा, आता पुरे करा. आत्यांना भेटायला महिन्यातून एकदा मी नेईन तुम्हाला."

त्यांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. "बरं माय," म्हणाले. मग म्हणाले, "पन एक डाव तू माह्यासंगं चाल. गाडी तूच चालव, मी हात बी लावत नही. येतांना फक्त पारोळ्याले थांबायचं. भर दुपारी."

जागेवर जाऊन ये आणि मग लिही, हे वाक्य मी नव्या बातमीदारांना किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. घरच्या गाडीबाबत मी दोन वर्षं फोनवर विसंबून होते. मी शुक्रवारची रजा टाकली.

गुरुवारी संध्याकाळी गावी गेले. भावाने कपाटातून चावी काढली आणि आबांसमोर माझ्या हातात दिली. "चालवणार तू," तो म्हणाला.

"ऐकलं रे मी," आबा म्हणाले. "बहिरा नही झालो अजून."

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. वहीत मी वेळा लिहीत गेले. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पारोळ्याला थांबलो, अकरा मिनिटांनी निघालो, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

आत्या खाटेवर बसून वाट पाहत होत्या. गाडी मी चालवत आणली हे कळल्यावर आबांना म्हणाल्या, "काय रे, आज साहेबासारखा डाव्या बाजूले बसून आला का?" आबा हसले. गाडी विकली जाणार आहे हे त्यांनी बहिणीला सांगितलेलं नव्हतं. आत्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडून वरचे चार बिबडे बोटांनी चाचपले आणि म्हणाल्या, "एक बी मोडला नही."

आबा हात धुवायला मागे गेले तेव्हा मी आत्यांची वेणी पाहिली. पांढऱ्या केसांची, घट्ट, नीट घातलेली. कोण घालून देतं, असं मी विचारलं. "मीच घालते," त्या म्हणाल्या. "हात दुखतो, दोन डाव थांबा लागतं. पन शुक्रवारी घालते. बाकीच्या दिवशी कोनाले दाखवायची?"

दीडला निघालो.

पारोळ्याच्या त्या टपरीला मोठं कडुनिंबाचं झाड आहे, पण त्याची सावली ट्रकवाल्यांची. आबांची जागा पलीकडे, उन्हात. मी गाडी तिथे लावून इंजिन बंद केलं तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. टपरी एक बाई चालवतात, पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी आबांना पाहून न विचारता चहा ठेवला.

दोन सत्तावीसला मी चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, बॅटरीत दम होता. इंजिन सुरू झालं नाही. मी पाच वेळा प्रयत्न केला. क्लच पूर्ण दाबलेला होता, ॲक्सिलरेटरला पाय लावलेला नव्हता. भावाने आबांच्या ज्या चुका मला सांगितल्या होत्या त्यातली एकही मी करत नव्हते, आणि गाडी सुरू होत नव्हती.

आबा शेजारी बसले होते. ते काचेतून बाहेर, रस्त्याकडे बघत होते. 'बघ' असा एक शब्द ते बोलू शकले असते. बोलले नाहीत. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

टपरीवाल्या बाई पाण्याची कॅन घेऊन आल्या. ती आधीच भरलेली होती. "आबा, ल्या पानी." मग माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, "तुम्ही पेपरमा शेतस त्या ना? आबा दर येळे सांगतस, मन्ही पोर पेपरमा शे. आज दखी."

मी विचारलं, हे असं नेहमी होतं का?

"या उन्हाळामा चौथी येळ."

"तुम्ही मोजलंत?"

"मोजाले काय लागस? आबा रुमाल भिजाडतस, तवय मी दुसरा चहा देस." मग हसून म्हणाल्या, "पेपरमा बठ्ठ्या जगनी खबर ऱ्हास. घरनी तेवढी नही."

मी ते वहीत लिहून घेतलं.

आबांनी रुमाल भिजवला, न पिळता इंजिनाच्या एका कोपऱ्यावर ठेवला आणि वरून आणखी पाणी सोडलं. वाफ आली. सात मिनिटांनी ते म्हणाले, "मार आता." पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.

आता बिघाड मी स्वतः पाहिला होता. पण भाऊ काय म्हणेल हे मला ठाऊक होतं. सात मिनिटं नुसतं थांबली असतीस तरी झाली असती. शिवाय बिघाड आहे एवढं सिद्ध झालं तर गाडी विकायला आणखी एक कारण मिळणार होतं. बिघाड काय आहे हे कळणं भाग होतं. मी बाईंना मेकॅनिक विचारला.

"पुढे टायरनं दुकान शे, तेना बाजूले मिस्तरी शे. बोलाले कडू, पन कामले पक्का."

मिस्तरी पंचावन्नच्या आसपासचे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शेडमध्ये एक टेम्पो उभा होता, त्याच्याखालून ते बाहेर आले. मी इंजिन चालू ठेवूनच उतरले होते.

"बंद करा," ते म्हणाले.

"बंद केली तर सुरू होणार नाही."

"मंग मन्हाकडे कसाले आनी? चालती गाडी दखाडाले?"

मी इंजिन बंद केलं आणि वही उघडून सांगायला लागले. सकाळचा थांबा, दुपारचा थांबा, किती मिनिटं, किती सेल्फ. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी हात वर केला. "ताई, तुम्ही नका सांगू. गाडी कोन चालाडस?"

"हे. माझे वडील."

"मंग तेसले सांगू द्या."

दोन वर्षांत आबांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते जरा गोंधळले. मग सावकाश सांगू लागले. थंड असताना कधी त्रास नाही. चालता चालता कधी बंद पडत नाही. बंद करून लगेच चावी फिरवली तरी होते. दहा मिनिटं उन्हात थांबली की नाही. सेल्फचा आवाज एकसारखा येतो, मंदावत नाही. पेट्रोलचा वास येत नाही. "आन् काटा हालत नही."

मिस्तरींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोनता काटा?"

"इंजिनाच्या चकरा दाखवतो तो. चांगली असली का सेल्फ मारतांना जरासा उचलते. नही होत तवा तो मेल्यासारखा पडून ऱ्हाते."

मिस्तरींनी मान हलवली. मी आबांना विचारलं, "हे घरी सांगितलं होतं तुम्ही?"

"सांगितलं व्हतं," आबा म्हणाले. "कोनी लिहून नही घेतलं."

ते तक्रारीच्या सुरात बोलले नव्हते. मला विचारलं म्हणून सांगितलं. मी वही मिटून पर्समध्ये ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा काढली.

मग रुमालाचा विषय निघाला. आबांनीच काढला, चोरी कबूल करावी तसा. मिस्तरी आधी खळखळून हसले. "आबा, तो जीपना जमाना गया! हाई गाडीना पंप मागे शे, सीटना खाले, टाकीमा. तुम्ही रुमाल आठे ठेवतस अन् पंप तठे!"

आबांनी हातातला रुमाल घडी घालून खांद्यावर टाकला. त्यांचा चेहरा उतरला होता. पण ते म्हणाले, "मंग सुरू कशी होते?"

मिस्तरींचं हसू थांबलं. "हाऊ सवाल बरोबर शे," म्हणाले. "रुमाल नेमका कोठे ठेवतस? बोट लावा."

आबांनी बोट लावलं. मिस्तरींनी टॉर्च पेटवला, भर दुपारी, आणि त्या बोटापासून खाली बघत गेले. मलाही बोलावून दाखवलं. इंजिनाच्या काळपट अंगावर एक पांढरी रेघ होती. करंगळीएवढी रुंद. रुमालाच्या जागेवरून निघून, एका नळीला वळसा घालून, ती इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली उतरत होती. पारोळ्याचं पाणी जड. तापलेल्या इंजिनावर ते पुन्हा पुन्हा सुकून त्याचा क्षार तिथे बसला होता. रेघ जिथे संपत होती तिथे अंगठ्याएवढा एक काळा तुकडा बसवलेला होता आणि त्यातून वायर निघाली होती.

"क्रँक सेन्सर," मिस्तरी म्हणाले. आबांना कळेल असं त्यांनी समजावलं. इंजिनातला दांडा फिरतो, त्याच्यावर हा नजर ठेवतो आणि गाडीतल्या संगणकाला कळवतो. ते कळलं तर ठिणगी पडते, पेट्रोल सुटतं. "हाऊ तापना का मुका व्हस. दांडा फिरी राह्यना, पन वर कोनी सांगत नही. तुमना पेपरना वार्ताहर झोपना तर काय छापशात?" शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

गाडी चालू असताना वारा आणि पंखा त्याला थोडा थंड ठेवतात. बंद केली की इंजिनाची सगळी धग बोनेटखाली कोंडते आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं तो उलट जास्त तापतो. म्हणून लगेच सुरू होते, नंतर होत नाही, आणि तासाने पुन्हा होते.

मी म्हणाले, मग हाच बदलूया.

"थांबा. अजून मी म्हनस फक्त. सिद्ध कोठे व्हयनं?"

हे वाक्य मी न्यूजरूममध्ये इतक्या स्पष्टपणे कधी ऐकलं नव्हतं. पुढचा तास त्यांनी जे केलं ते मी क्रमाने लिहून ठेवलं आहे. गाडी रस्त्यावर फिरवून गरम केली. शेडबाहेर उन्हात आणून बंद केली. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला. सुरू नाही, काटा जागचा हलला नाही. चावी दिल्यावर मागच्या सीटखाली पंपाची घूं ऐकू येते का ते पाहिलं, येत होती. प्लगला ठिणगी आहे का ते पाहिलं, नव्हती. मग सलाईनची एक जुनी नळी पाण्याच्या बाटलीला जोडली आणि तिचं टोक नेमकं त्या सेन्सरवर धरून पाणी सोडलं. दुसरीकडे एक थेंब पडू दिला नाही. अर्ध्या मिनिटात सेल्फ मारला. काटा उचलला, गाडी सुरू झाली.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. तोच सगळा प्रकार पुन्हा केला, फक्त या वेळी पाणी पेट्रोलच्या नळीवर सोडलं. अर्ध्या मिनिटात सेल्फ. सुरू नाही. आणखी पाणी. सुरू नाही. नळी सेन्सरवर नेली. सुरू.

"आते सिद्ध," ते म्हणाले. मग आबांकडे वळले. "आबा, कारन चुकेल व्हतं. जागा बरोबर व्हती. तुमना रुमालनी सापडाडं हाई."

आबांनी रुमालाचं टोक डोळ्यांच्या कडांना लावलं. ऊन खूप होतं, हेही खरं.

सेन्सर पारोळ्यात नव्हता. मिस्तरींनी धुळ्याच्या दुकानाला फोन केला. दुकानदाराने तो एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. धुळे-जळगाव रस्त्यावरचे सगळे मिस्तरी असेच सुटे भाग मागवतात, बसचा नंबर फोनवर कळतो आणि मिस्तरी थांब्यावर जाऊन उभे राहतात. पुडकं यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ आबा टायरवर बसून होते. मिस्तरी टेम्पोखालून त्यांच्याशी जीपबद्दल बोलत होते. ती कुठल्या साली घेतली, सातपुड्याच्या घाटात कशी चढायची, गिअर कसा अडकायचा. गेली दोन वर्षं आबा घरात गाडीबद्दल बोलायचे बंद झाले होते. माझ्या लक्षात आलं की त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला आहे.

सव्वापाचला नवा सेन्सर बसला. मिस्तरींनी गाडी दोनदा गरम केली, दोनदा उन्हात बंद ठेवली. दोन्ही वेळा ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. जुना सेन्सर त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. "घर दखाडा. नहीतर म्हनतीन, मिस्तरीनी फसाडं."

आता रावेरपर्यंत उजेड पुरणार नव्हता. जळगावला माझ्या घरी मुक्काम करायचं ठरलं. मी चावी आबांपुढे धरली. भावाला दिलेला शब्द मोडत होते, हे मला माहीत होतं. आबांनी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो काय म्हनीन?"

"त्याला मी सांगते."

पारोळा ते जळगाव आबांनी गाडी चालवली. एरंडोलजवळ मी त्यांचं चालवणं बघत होते. आरसा बघून, हात दाखवून, ट्रकला जागा देऊन. एरंडोलच्या पेठेत म्हैस आडवी आली तेव्हा त्यांनी माझ्याआधी ब्रेक दाबला. एकदा ते वळणाचा दिवा बंद करायचा विसरले आणि तो दोन किलोमीटर टिकटिकत राहिला. उजेड असतानाच आम्ही घरी पोचलो.

भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. "बरं," म्हणाला. "उद्या जळगावला खतासाठी यायचंच आहे. सकाळी येऊन बघतो."

"सकाळी नको," मी म्हणाले. "दुपारी ये."

"दुपारी," तो म्हणाला. तो हुशार आहे. दोन वर्षांतल्या सगळ्या सकाळी त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात.

शनिवारी तो एसटीने दीडला आला. मी गाडी रस्त्यावर उन्हात उभी करून ठेवली होती. त्याने स्वतः ती महामार्गावर वीस मिनिटं पळवली, आणून बंद केली, बोनेट उघडलं नाही, मोबाइलमध्ये पंधरा मिनिटं लावली आणि गाडीतच बसून राहिला, घामाने भिजत. मी खिडकीतून बघत होते. आबा आत पलंगावर पडले होते, पण डोळे उघडे होते. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. त्याने पुन्हा तेच केलं. मग वर आला, पाणी प्यायला, जुना सेन्सर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो पाहून काही कळत नाही, तरी पाहिला. मग बाहेर जिन्यात जाऊन भुसावळच्या गिऱ्हाइकाला फोन केला. मला एवढंच ऐकू आलं, "नाही भाऊ, आता नाही विकायची. घरात लागते."

आत येऊन तो आबांना म्हणाला, "फोन मात्र घरी विसरायचा नाही. चार्ज करून खिशात."

"बरं," आबा म्हणाले.

"आणि अंधारात नाही."

"अंधारात मी कधी जातो रे? त्या दिवशी मले अंधार लावला तो त्या मुक्या सेन्सरनं."

भाऊ हसला. "चला आबा, उशीर होतो," म्हणाला आणि जाऊन डाव्या बाजूच्या सीटवर बसला. खताच्या गोण्या त्याने दुकानदाराला टेम्पोने पाठवायला सांगितल्या होत्या.

साडेसहाला घरी पोचल्याचा फोन आला. तो म्हणाला, फैजपूरला चहा घेतला. सावद्यालाही घेतला.

"दोनदा कशाला? मधे दहा मिनिटांचं अंतर आहे."

"पहिल्यांदा सुरू झाली ती योगायोगाने झाली असेल, असं वाटलं," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "चावी खिळ्यावर लावली, ताई."

दैनिकात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यावी लागते. आबांना मी फोनवर जे म्हणाले होते त्याची दुरुस्ती मी रविवारी फोनवर दिली. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतली नाही. आत्यांना पुढच्या वेळी बिबड्यांबरोबर कुरडयाही न्यायच्या का, असं विचारू लागले.

त्यानंतर आबांच्या धुळ्याच्या फेरीच्या शुक्रवारी मी न्यूजरूममध्ये होते. दोन वाजून एकोणतीस मिनिटांनी आबांच्या नंबरवरून फोन आला. मी उभी राहिले. आवाज टपरीवाल्या बाईंचा होता.

"ताई, तुमना आबासले काही सांगा. मी कॅन भरी ठेवेल व्हती, तेसनी हात बी नही लावा. एकच चहा पिनात अन् निंघनात. मन्हा दुसरा चहा बुडना!"

मी त्यांना म्हणाले, पुढच्या खेपेला मी बरोबर येईन, दोघांचे मिळून तीन चहा होतील. मग मिस्तरींना नमस्कार सांगायला सांगितलं. मागून आबांचा आवाज आला, फोन आण म्हणून. तो त्यांच्या हातात जाण्याआधी मला सेल्फ ऐकू आला. एकदाच.

"माय," आबा म्हणाले, "ठेवतो. गाडी चालू आहे."